मदत हवी आहे: हंगेरियन सिनेमातला शृंगार, अजून काय बघू?

नमस्कार मंडळी,

आमच्या फिल्म क्लबात हंगेरियन सिनेमातल्या शृंगारावर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. काही सिनेमे बघून झालेत, पण मधले दुवे सुटलेत. जाणकारांनी कृपया मदत करावी.

मला सारखी जाणवते ती एक गोष्ट: या सिनेमांत दोन माणसं जवळ यायला लागली की कुठूनतरी चौकशी सुरू होते. कारोय माक्कचा 'अनदर वे' (१९८२) घ्या. काळ १९५८चा, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा १९५६चा हंगेरियन उठाव चिरडून दोन वर्षं झालेली. पत्रकार एवा सहकारी लीवियाच्या प्रेमात आहे आणि लीवियाचा नवरा लष्करी अधिकारी. रात्री बाकावर दोघी एकमेकींचं चुंबन घेतात, तेवढ्यात पोलीस येऊन ओळखपत्रं मागतात. इश्त्वान साबोच्या 'कॉन्फिडन्स'मध्ये (१९८०) तर जवळीक सुरूच होते खोट्या कागदपत्रांपासून. १९४४चं बुडापेस्ट, नाझींपासून लपलेली दोन अनोळखी माणसं, आणि जगासमोर नवरा-बायको.

इल्दिको एन्येदीच्या 'ऑन बॉडी अँड सोल'मध्ये (२०१७, बर्लिनचं गोल्डन बेअर) कत्तलखान्यातून जनावरांना माजावर आणायची पावडर चोरीला जाते. मानसतज्ज्ञ एकेकाला बोलावून खोदून खोदून विचारते आणि त्यातून कळतं की एंद्रे आणि मारिया यांना रोज रात्री एकच स्वप्न पडतं: बर्फातल्या रानात नर आणि मादी हरीण. मारियाला कुणाचा स्पर्श सोसत नाही. ती कुस्करलेल्या बटाट्यात हात दाबून स्पर्शाची सवय करते. अंगावरचा एक कपडा न काढता इतकं कामुक आणि इतकं हळवं दृश्य मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

या सगळ्यात वेगळा पडतो झोल्तान हुसारिकचा 'सिंदबाद' (१९७१). तिथे ना पोलीस, ना कागद. म्हातारपणाकडे झुकलेला रंगेल नायक आयुष्यातल्या बायका आठवत फिरतो, आणि खाणावळीत बसून नळीतला मगज ज्या तन्मयतेने खातो, त्यात सगळी वासना आणि मरणाची चाहूल एकत्र येते. हा मला चर्चेत हवाच आहे, पण बाकीच्यांशी सांधायचा कसा?

आता प्रश्न.

१९८९ला कम्युनिस्ट राजवट संपल्यानंतर ते 'ऑन बॉडी अँड सोल'पर्यंत या अंगाने काय बघावं? पाल्फीचा 'टॅक्सिडर्मिया' (२००६) माहीत आहे, पण त्यात किळस एवढी आहे की क्लबात लावायची हिंमत होत नाही.

मार्ता मेसारोशचा 'अडॉप्शन' (१९७५) पाहिलाय. मूल हवं असलेल्या त्रेचाळिशीतल्या बाईचं शरीर इतक्या सरळपणे दाखवलंय की अजून बघावंसं वाटतं. तिचा पुढचा कुठला घ्यावा?

'अनदर वे'मधल्या दोन्ही नायिका पोलिश आहेत, आवाज मात्र हंगेरियन डबिंगचे. हंगेरियन समजणारं कुणी असेल तर सांगा, प्रेमाच्या प्रसंगांत तो आवाज खटकतो का?

आणि 'सिंदबाद'ची बऱ्या सबटायटलची प्रत कुठे मिळेल? माझ्याकडच्या प्रतीत अर्धे संवाद गायब आहेत.