मदत हवी आहे: माजी सैनिक शेजाऱ्यांच्या अंत्यविधीची वर्गणी

वाडीतले ८४ वर्षांचे माजी सैनिक आज पहाटे घरीच गेले. पत्नी आधीच वारल्या, मूलबाळ नाही. पुतण्या रात्रीपर्यंत पोचेल. डॉक्टरांकडून नमुना ४अ (घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला) घेतलाय, डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्तीचं पुस्तक) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हाताशी आहेत. खर्चासाठी त्यांचं पेन्शनचं खातं सुचवू नका, ते एकट्याच्या नावावर आहे आणि मृत्यूनंतरची पेन्शन बँक परत घेते.

शववाहिका, ३०० किलो लाकूड, गोवऱ्या, बाकी सामान धरून पंधरा हजार लागतील. घरटी वर्गणीतून नऊ जमले, वहीत नावानिशी लिहिलेत. बाहेरगावचे यूपीआयने पाठवतील, पण एकाच्या खात्यात घेतले की मागून कुजबुज ठरलेली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आज रविवारचं बंद.

तिथून अंत्यविधीसाठी काही मदत पुतण्याला मिळू शकते का, आणि त्यासाठी लाकडाची, शववाहिकेची पावती आत्ताच त्याच्या नावाने करून घ्यावी का?