४४ मॅग्नमसाठी घरी भरलेली काडतुसं: एच-११० कमी करून चालेल का?

सोल्डॉट्नाकर

नमस्कार मंडळी. अलास्कात केनाय द्वीपकल्पावर राहून मला चार वर्षं झाली. जुलैत रशियन रिव्हरला सामन धरायला जातो, आणि त्याच सामनवर डोळा ठेवून तपकिरी अस्वलंही येतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात सेकंडहँड स्मिथ अँड वेसन ६२९ रिव्हॉल्व्हर घेतलं, चार इंची नळीचं, ४४ मॅग्नम काडतुसाचं. (ग्रीन कार्ड आहे, कागदपत्रं चोख आहेत, तो विषय इथे नको.)

बंदुकीशी आमच्या घराचा संबंध एवढाच की सावंतवाडीला आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपेक्षा ती गणपतीतच जास्त वाजली.

विकतची काडतुसं परवडत नाहीत, म्हणून घरी काडतुसं भरायचं हातयंत्र, सिंगल स्टेज प्रेस, घेतला. हॉर्नडीच्या २४० ग्रेन वजनाच्या एक्सटीपी गोळ्या आणि एच-११० या बंदुकीच्या पावडरचा एक पौंडाचा डबा आणलाय. विचार असा आहे की अस्वलासाठी पूर्ण भरणी करायची आणि तीच पावडर पंधरा-वीस टक्के कमी करून सरावाची काडतुसं भरायची. एका डब्यात दोन्ही कामं. कुणी असं करतं का?

टूलरूमवाला

थांबा. तो डबा झाकण लावून फळीवर ठेवा आणि आधी हे वाचा.

एच-११० कमी करायची नसते. ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतःच सांगते की पुस्तकातल्या आकड्यापासून तीन टक्क्यांपेक्षा खाली जाऊ नका. तुम्ही वीसच्या गोष्टी करताय. ही पावडर पेटायला जड आहे. तिला भरलेली पुंगळी (काडतुसाचं पितळी आवरण), मॅग्नम प्राइमर (बुडाची ठिणगी टाकणारी टोपी) आणि गोळीवर घट्ट क्रिंप (पुंगळीची कड आत दाबून गोळी धरणं) लागतो. आत मोकळी जागा राहिली की कधी पेटते, कधी अर्धवट पेटते. अर्धवट पेटली तर गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडलीत तर नळी फाटते. विंचेस्टरची २९६ म्हणजे हीच पावडर दुसऱ्या नावाने, तेव्हा तीही पर्याय नाही.

अडकलेली गोळी मी स्वतः पाहिली आहे. चूक माझीच. पिंपरीला बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली, इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची सवय, म्हणून जरा गुर्मी होती. भरता भरता मुलीचा फोन आला. बोलून परत आलो आणि एका पुंगळीत पावडर न घालताच गोळी बसवली. रेंजवर धडाम्‌च्या जागी फुस्स झालं. हात आपोआप थांबला म्हणून आज दहा बोटांनी टाइप करतोय. प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत दोन इंच शिरली होती. पितळी सळईने ठोकून काढली. तेव्हापासून भरलेल्या पन्नासही पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो आणि टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावतो. एकाही पुंगळीत गोळी त्याआधी बसत नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही पावडरपासून सुरुवात केलीत. आधी काम ठरवा, मग गोळी, पावडर शेवटी.

सरावाला २४० ग्रेनची ओतीव शिशाची गोळी आणि सेकंदाला ९०० ते १००० फूट वेग. त्याला युनिक पावडर बरी. दिवसभर झाडा, मनगट दुखत नाही. टाइटग्रुपनेही होतं, पण ती इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते. नवख्याला मी ती सुचवणार नाही. मधल्या ताकदीसाठी २४०० नावाची पावडर घ्या. ४४ मॅग्नम १९५५ साली बाजारात आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून बंदुकांवर लिहिणारे एल्मर कीथ ४४ स्पेशल या जुन्या काडतुसात हीच २४०० ठासत होते. एच-११० पेक्षा ती समजूतदार आहे, थोडं कमी-जास्त सहन करते.

भरणीचे आकडे मी इथे लिहिणार नाही, मागू नका. हॉर्नडी आणि लायमनची छापील पुस्तकं घ्या, सर्वात खालच्या आकड्यापासून चढत जा. ४४ मॅग्नमच्या दाबाची मर्यादा ३६,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, आणि कुणा अनोळख्या माणसाच्या पोस्टवर विसंबून त्या आकड्याशी खेळू नये. मीही अनोळखीच आहे.

शिशाची गोळी घेण्याआधी सिलिंडरची (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची) तोंडं तपासा. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, गोळी पुढून प्रत्येक भोकात धरा आणि बोटाने दाबा. थोडा जोर लावून गेली तर उत्तम. आपसूक घरंगळली तर मागचा वायू कडेने सुटणार, शिसं वितळवणार आणि नळीत चिकटवणार. लोकांना वाटतं शिसं मऊ म्हणून चिकटतं. बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं.

एक गंमत. ग्रेन हा आकडा आपल्याला परका वाटतो, पण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा पंधराचा. तुमची २४० ग्रेनची गोळी एक तोळा चार मासे भरते. सोनाराच्या काट्याची शिस्त इथेही पाळा.

फेअरबँक्सची_शुभा

सोल्डॉट्नाकरभाऊ, काकांनी पावडरचं सांगितलं, मी अस्वलाचं सांगते. एक्सटीपी पोकळ टोकाची गोळी आहे, अंगात शिरल्यावर पसरते आणि लवकर थांबते. तपकिरी अस्वलाला खांद्याचं हाड आणि चरबी ओलांडून आत पोहोचणारी गोळी लागते. इथले लोक सपाट टोकाची कडक ओतीव ३०० ग्रेनच्या आसपासची बाळगतात, आणि तीही बहुतेक जण कारखान्यात भरलेली. माझ्या नवऱ्याचाही हाच नियम आहे, घरी भरलेलं रेंजवर आणि विकतचं कमरेला.

आणि अस्वलावर मारायचा तिखट स्प्रे? स्मिथ आणि हेरेरो यांचा अलास्कातला २००८ चा अभ्यास आहे. तपकिरी अस्वलांवर स्प्रे वापरला त्यातल्या ९२ टक्के वेळा अस्वलाचं नकोसं वागणं थांबलं होतं. मी डबा छातीवरच्या पट्ट्याला लावते, पाठीवरच्या पिशवीत नाही. रशियन रिव्हरला कमरेएवढ्या पाण्यात एका हातात गळ धरून उभे असाल, तेव्हा रिव्हॉल्व्हर किती वेळात निघतं ते घड्याळ लावून बघा एकदा.

नाशिकचा_नेमबाज

विषय भारी आहे! मी एअर रायफलवाला. आपल्याकडे असं घरी भरता येतं का?

टूलरूमवाला

नाही हो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. आणि आपल्याकडे परवान्यावर मिळतं ते बहुधा कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर. तुमची एअर रायफल झकास आहे, तीच चालवा.

सोल्डॉट्नाकर

काका, शुभाताई, आभार. एच-११० फळीवर ठेवली. युनिक आणि ओतीव गोळ्या आणल्या. सहाही भोकांत गोळी जरा दाबूनच जाते. पहिली पन्नास झाडली, छान वाटलं.

मग २४०० ची एक्सटीपीवाली बारा भरली, खालच्या आकड्याला. एक शंका आहे. पाच झाडल्यावर सहावं काडतूस सहज बाहेर काढून व्हर्नियरने मोजलं. भरताना १.६०० इंच होतं, आता १.६१८ आहे. गोळी बाहेर सरकलीय का?

टूलरूमवाला

सरकलीय. झटक्याने रिव्हॉल्व्हर मागे जातं, गोळी जागेवर राहू बघते. जड गोळी आणि जोरदार भरणीत ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर येते, सिलिंडर फिरायचं थांबतं, आणि समोर अस्वल. पाच झाडून सहावं मोजायचं, हे मी सांगणारच होतो. तुम्ही आधीच केलंत, शाब्बास.

क्रिंप गोळीच्या खाचेत बसलाय ना? पुंगळ्यांची लांबी मोजली होती का?

सोल्डॉट्नाकर

लांबी मोजली नव्हती. पुंगळ्या रेंजवर वेचलेल्या, तीन कंपन्यांच्या. आत्ता मोजल्या तर १.२६८ पासून १.२८२ पर्यंत आहेत.

टूलरूमवाला

मग तेच. क्रिंप करणारी डाय एका उंचीवर लावलेली असते. लांब पुंगळीला क्रिंप घट्ट बसतो, आखूडला नुसता स्पर्श होतो. एका कंपनीच्या पुंगळ्या वेगळ्या काढा, सगळ्या १.२७५ ला कापा, कडा घासा आणि मग डाय पाव आटा खाली घ्या. आत्ता भरलेली उरलेली सात झाडू नका, गोळ्या ओढून काढा. हातोडीसारखा पुलर मिळतो, स्वस्त असतो. आणि भरून झालं की हात साबणाने धुवा, शिसं आहे ते. चहा त्यानंतर.

सोल्डॉट्नाकर

पुलर आणला. सातपैकी दोन गोळ्या पहिल्याच ठोक्याला निघाल्या. दोन्ही आखूड पुंगळ्यांतल्या.