धावपट्टीवरचे आकडे

धावपट्टीवरचा आकडा म्हणजे तिचा अनुक्रमांक, असं कुणाला वाटेल. तसं नाही, तो दिशा सांगतो. होकायंत्राचे अंश जवळच्या दहावर आणायचे आणि शेवटचं शून्य गाळायचं. मुंबईची मुख्य धावपट्टी पश्चिमेकडे तोंड केलं की २७, तीच उलट बाजूने ०९. विमानं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, तेव्हा घाटकोपरच्या गच्चीवरून चाकं बाहेर काढलेली विमानं २७वर उतरायला जाताना अगदी जवळून दिसतात.

मला सगळ्यात भावतं ते वेगळंच. चुंबकीय उत्तर ध्रुव सरकतो, म्हणून हे आकडेही कधीतरी बदलावे लागतात! लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर २००९ साली ०५/२३ पुसून ०४/२२ रंगवले. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड हलतं, ध्रुव सरकतो आणि वर कुणीतरी रंग घेऊन धावपट्टीवर नवा आकडा काढत असतं.