दादाच्या लिव्हरसाठी रक्ताची कुठली तपासणी करून घेऊ?

धाकटी_बहीण:
दादा ४७ वर्षांचा. पंधरा वर्षं झाली, रोज संध्याकाळी क्वार्टर ठरलेली. बळेबळे तपासण्या करायला लावल्या. लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ६४, एसजीपीटी ३६, बिलिरुबिन नॉर्मल, प्लेटलेट २ लाख ५ हजार. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’. तो म्हणतो, "बघ, काही झालेलं नाही." मला धीर धरवत नाही. सिरॉसिसच्या आधीच कळेल असं रक्तातून काही दिसतं का?

लॅबमधला:
ताई, मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण बिलिरुबिन आणि सोनोग्राफीवर विसंबू नका, लिव्हरमध्ये व्रण (जखम भरल्यावर राहतात तसे) धरायला लागले तरी दोन्ही बरेच दिवस ठीक दिसतात. आहे त्याच रिपोर्टवरून ‘फिब-४’ काढा, म्हणजे व्रणांचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी: ३००८. प्लेटलेट हजारांत म्हणजे २०५, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ ६: १२३०. भागाकार २.४५.

१.३ च्या खाली असता तर बराच दिलासा होता. २.६७ च्या वर धोका मोठा. दादा मधे आहेत, आणि मधे म्हणजे पुढची तपासणी हवीच. पिण्यामुळे एसजीओटी चढतं, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असेल, तरी सोडून देऊ नका.

जीजीटी, एमसीव्ही या रक्ततपासण्या पिण्याचा अंदाज देतात, व्रणांचा नाही. व्रणांसाठी ‘ईएलएफ’ नावाची रक्ततपासणी आहे. व्रण धरताना रक्तात उतरणारे तीन पदार्थ ती मोजते, ९.८ च्या खाली असलं तर चांगलं. पण ती सगळ्या लॅबमध्ये होत नाही. त्यापेक्षा पोटविकारतज्ज्ञांना विचारून फायब्रोस्कॅन करा, त्यात लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजतात. आधी तीन तास काही खायचं नाही. त्याचा आकडा ८ किलोपास्कलच्या आत आला तर पुढे गेलेले व्रण सहसा नसतात.

सावरलेलं_घर:
एक कळकळीनं सांगते. रिपोर्टला घाबरून दादांना एकदम दारू बंद करू देऊ नका. आमच्या ह्यांनी तशी केली, आधी हात थरथरायला लागले आणि तिसऱ्या दिवशी फिट आली. रोज पिणाऱ्यानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊनच सोडायची. आम्हाला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा फार आधार झाला. आज ह्यांना चार वर्षं झाली.

धाकटी_बहीण:
वहीत गणित मांडून दादासमोर ठेवलं. बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "गुरुवारी सुट्टी टाकतो." फायब्रोस्कॅनचा नंबर लावलाय. सोडण्याचं त्याच डॉक्टरांशी बोलू.