पाखाडीवर चालायला छोटा टॉर्च: एलईडी कोणता, केल्विन किती?

रातकिडा:
मंडळी, खिशात मावणारा, एका १८६५० सेलवरचा (चार्ज होणारी लिथियम बॅटरी) टॉर्च घ्यायचाय. घर देवगडकडे. पावसात लाइट गेली की रस्त्यापासून अंगणापर्यंत बागेतली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची. सध्याच्या टॉर्चमधला एलईडी एसएसटी-४०, ६५०० केल्विनचा आहे (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग: आकडा मोठा तितका निळसर, लहान तितका पिवळट). उजेड लख्ख, पण ओला जांभा, पातेरा, माती सगळं एकाच राखाडी रंगाचं. परवा पायरीवर फुरसं बसलं होतं आणि मला ते सुकलेलं पान वाटलं. बायकोने मागून दंड धरला म्हणून वाचलो. कॉनव्हॉय एस२प्लस हा टॉर्च घ्यायचं नक्की आहे, पण एलईडीच्या यादीत अडकलोय.

बांगडा_फ्राय:
निचियाचा ५१९ए एलईडी, ४५०० केल्विन. डोळे मिटून घ्या.
नुसतं 'सीआरआय ९०' (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) वाचून भुलू नका. तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत. लाल वेगळा, आर९ म्हणून मोजतात. फुरशाचा तपकिरी पातेऱ्यातून सुटा दिसायला तो लाल लागतो. घरच्या घरी बघायचं तर बांगड्याचा कल्ला उघडून टॉर्च मारा. तुमच्या ६५००च्या उजेडात ताजा मासाही शिळा दिसतो. मासे खात नसाल तर स्वतःचा तळहात बघा.

टॉर्चवेडा_ठाणे:
४५०० पिवळट वाटतो हो! मी ५७०० घेतला, तोही ५१९ए मधलाच. आणि सीआरआय वाढला की तेवढ्याच करंटला लुमेन, म्हणजे एकूण उजेड, कमी मिळतात, हेही सांगा की त्यांना.

बांगडा_फ्राय:
लुमेन कमी, मान्य. पण पाखाडीला दीडशे लुमेन पुरे झाले. एवढ्याशा अंगाचा टॉर्च फुल्लवर चटकन तापतो, म्हणजे तो मोठा आकडा तसाही फार वेळ टिकत नाही.
पिवळटपणाचं म्हणाल तर तुम्ही ट्यूबलाइटखालून उठून लगेच टॉर्च लावता. काळोखात दोन मिनिटं चाला, तोच उजेड पांढरा वाटायला लागतो. डोळा सरावतो. सरावत नाही तो हिरवट टिंट, म्हणजे रंगाची झाक. सॅमसंगचा एलएच३५१डी सीआरआयला चांगला, पण कमी उजेडावर हिरवा मारतो. माझा तेवढ्यासाठी ड्रॉवरमध्ये पडून आहे.

धुकट:
टॉर्चवेडा, तुमच्या ५७०० चा डोम (एलईडीवरचा पारदर्शक घुमट) कापून बघा. रंग हजारेक केल्विनने खाली येतो, टिंट गुलाबीकडे झुकतो, झोतही लांब जातो. मात्र ब्लेड घसरलं तर एलईडी गेला, एक मी घालवलाय. रातकिडा, तुम्ही या भानगडीत पडू नका, लांब झोत तुम्हाला नकोच आहे. रिफ्लेक्टर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत मिळाला तर तो घ्या, पायाजवळ उजेडाचा गोळा मऊ पडतो.
आणि धुक्यात केल्विनपेक्षा हात महत्त्वाचा. टॉर्च डोळ्याजवळ धरला की समोर पांढरी भिंत. कमरेखाली धरा, पायरीच्या कडांची सावली पडते, उंची कळते. डोक्यावरचा हेडलॅम्प नेमका इथेच मार खातो.

रातकिडा:
५१९ए, ४५०० मागवला. तोवर जुनाच कमरेखाली धरून काल रात्री उतरलो. पायऱ्या खरंच सुट्या दिसल्या. बायको म्हणते, तिच्यासाठी पण एक मागव, मागून चालणाऱ्याला काहीच दिसत नाही.