सर्व्हेत सगळे पाचपैकी पाच देतात, तरी माणसं टिकत नाहीत. काय करावं?

एचआर_अंबड:
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांच्या सुट्या भागांचं मशिनिंग. १४० माणसं, तीन पाळ्या, त्यातले ६० कंत्राटी. वर्षातून एकदा एम्प्लॉई एंगेजमेंटचा, म्हणजे माणसांचं कामात मन किती आहे याचा, ४८ प्रश्नांचा ऑनलाइन सर्व्हे होतो आणि निकाल झकास येतो. पण ट्रेनी सहा महिन्यांत सोडून जातात, सोमवारी गैरहजेरी वाढते, सूचनापेटीत कागद पडत नाही. मॅनेजमेंट म्हणतं वाढदिवस साजरे करा, सहल काढा. तीन-चार महिन्यांत फरक दिसेल असं काही सुचवा.

शॉपफ्लोअर:
सहल नंतर. आधी सर्व्हे बदला. स्वतःच्या मोबाइलवर लिंक आली की माणूस धरूनच चालतो की नाव कळणार, मग तो पाच देऊन मोकळा होतो. छापील कागद घ्या, मराठीत सहाच प्रश्न आणि फक्त टिक करायची, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखणार नाही. पाळी सुरू होताना आज काय आणि किती करायचं हे कळतं का? गेज (माप तपासायचं साधन), इन्सर्ट (धातू कापणारं बदलायचं टोक), हातमोजे वेळेत मिळतात का? सुपरवायझर ऐकून घेतो का? रजेच्या अर्जाला वेळेत उत्तर येतं का? गेल्या तीन महिन्यांत नवीन काही शिकायला मिळालं का? मांडलेल्या अडचणीचं पुढे काय झालं ते कळलं का? गटात दहापेक्षा कमी माणसं असतील तर कागदावर विभाग विचारू नका, माणूस ओळखू येतो. हे कागद एका पेटीत टाकायला सांगा, ती कामगारांच्या दोन प्रतिनिधींसमोर उघडा आणि १५ दिवसांत निकाल कँटीनच्या भिंतीवर लावा, वाईट आकड्यांसकट.

सूचनापेटी मात्र काढून टाका. तिच्यात टाकलेल्या कागदाचं काय झालं ते कोणालाच दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येक लाइनजवळ फळा लावा, चार रकाने: अडचण, मशीन नंबर, कोण करणार, कधीपर्यंत. कामगाराचं नाव लिहायचं नाही. पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं उभ्याने बैठक, त्यात फळा वाचायचा. उदाहरणार्थ, दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनमध्ये मिळून भोकाचं माप तपासायचा एकच प्लग गेज आहे, म्हणून ऑपरेटरला दर तपासणीला पलीकडे चालत जावं लागतं. दुसरा गेज आणला की त्या लाइनला कळतं, बोललेलं लागू पडतं. दोन दिवसांत उत्तर हवंच. ‘होणार नाही’ असलं तरी चालेल, पण कारण लिहा.

हे कुठे बिघडतं तेही सांगतो. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या घाईत बैठक बुडते आणि एकदा बुडाली की बुडतच जाते. तिसऱ्या पाळीकडे कोणी साहेब फिरकत नाही. आठवड्यातून एका रात्री प्लांट हेडने स्वतः फळ्यासमोर उभं राहायला हवं, नाहीतर रात्रीची माणसं फळ्याकडे बघणंच सोडतील.

पेरोल_सातपूर:
त्याआधी पैशाचं बघा. पगार ७ तारखेच्या आत होतो का? ओव्हरटाइम दुप्पट दराने धरला जातो का, आणि पगारपत्रकावर त्याचे तास वेगळे दिसतात का? तासांचा हिशेब जुळत नसेल तर केक कापून कोणाचं समाधान होत नाही. पगारानंतर दोन दिवस प्रत्येक पाळीत अर्धा तास कँटीनमध्ये टेबल लावा आणि शंका तिथल्या तिथे सोडवा.

२० किंवा अधिक कामगार असले की तक्रार निवारण समिती कायद्यानेच लागते. दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान, एकूण दहाच्या आत, आणि महिलांचं प्रमाण राखून. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. तुमच्याकडे तसं असेल तर पहिलं काम हेच.

लाइन_सुपरवायझर_ट्रेनिंग:
ट्रेनी सोडतात त्याचं मूळ बहुतेक वेळा सुपरवायझरकडे सापडतं. सगळ्यात चांगल्या ऑपरेटरला बढती दिली जाते, पण माणसांशी कसं बोलायचं ते त्याला कोणी शिकवत नाही. त्यात हाताखाली ३५ जण. एका सुपरवायझरकडे १५ ते २० पुरे. सहा आठवडे, आठवड्याला दोन तास घ्या: काम कसं समजावायचं, चूक चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन कशी सांगायची, नकार कसा द्यायचा. ट्रेनीला पहिले ३० दिवस एक जुना ऑपरेटर जोडून द्या. पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी एचआरने स्वतः विचारपूस करावी. सोडायचा विचार पहिल्या महिन्यातच पक्का होतो, राजीनाम्याच्या दिवशी विचारून काय उपयोग?

दिंडोरीरोड:
गैरहजेरीचं कॅलेंडर शेतीशी ताडून बघा. दिंडोरी, निफाडकडची माणसं द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीला आणि फेब्रुवारी-मार्चच्या द्राक्षतोडणीला घरी लागतातच. त्यात पौषात त्र्यंबकची निवृत्तिनाथांची यात्रा आणि चैत्रात वणीच्या सप्तशृंगीची. डिसेंबरमध्येच प्रत्येकाकडून हव्या त्या तारखांची चिठ्ठी घ्या, लाइनवार तक्ता लावा, एका लाइनवर एका वेळी किती जणांना रजा मिळेल ते आधीच ठरवा. रजा मागून मिळत नाही तेव्हाच माणूस न सांगता दांडी मारतो.

एचआर_अंबड:
मनापासून आभार. कंत्राटी कामगारांना फळ्यावर आणि बैठकीत घ्यायचं का?

शॉपफ्लोअर:
घ्यायचंच, सुरक्षा आणि कामातल्या अडचणी सगळ्यांच्या सारख्याच. मात्र त्यांची रजा, पगार आणि शिस्त कंत्राटदाराच्या सुपरवायझरमार्फतच ठेवा. ते थेट तुमच्याकडे आलं तर कंत्राट फक्त नावापुरतं आहे असा वाद उभा राहू शकतो. कंत्राटदाराचा माणूसही रोज फळ्यासमोर हजर हवा, ही अट वर्क ऑर्डरमध्येच घाला.