गुडघ्यातलं वंगणाचं इंजेक्शन (हायल्युरॉनिक ॲसिड): दुष्परिणाम आणि निवड, सल्ला हवा

आरोही_पुणे: आई ६८ वर्षांची, उजव्या गुडघ्याची झीज ग्रेड ३. मधुमेह आहे, क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. डॉक्टरांनी वंगणाचं इंजेक्शन सुचवलंय. एकाच डोसचं घ्यावं की दर आठवड्याला एक असं तीनदा? दुष्परिणाम काय होतात, कधी धावपळ करायची? बजेट १५ हजार, त्यावर एक रुपया नाही. वाटी बदलण्याचा सल्ला कृपया नको.

भाऊ_कोल्हापूर: वाटीच बदला. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली, आता पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. थोडं कर्ज काढा, पण एकदाच काय ते करा.

मंदार_के: प्रश्न इंजेक्शनचा आहे, भाऊ. टोचल्यावर दोन-तीन दिवस दुखणं, थोडी सूज, गुडघा कोमट लागणं हे नेहमीचं. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. वेगळी गोष्ट म्हणजे तीव्र रिॲक्शन: साधारण २४ ते ७२ तासांत गुडघा टम्म फुगतो, पाय टेकवत नाही. पहिल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनला किंवा पुन्हा कोर्स केल्यावर ही जास्त दिसते, आणि हायलान जी-एफ २० सारख्या, रेणू एकमेकांना जोडून घट्ट केलेल्या हायल्युरॉनिक जेलमध्ये अधिक.

स्मिता_ठाणे: एकच डोस घ्या, सरळ. सहा मिलीची एकच सुई, विषय संपला. पैसे जास्त जातात, पण वारंवार टोचून घ्यायचा त्रास वाचतो. १५ हजारात चांगलं मिळत नाही, २५ धरून चाला.

मंदार_के: सहा मिली म्हणजे त्याच हायलानचे दोन-दोन मिलीचे तीन डोस एका वेळी. रिॲक्शन आली तर सगळं जेल आधीच आत असतं. तीनदा घेतलं तर पहिल्यानंतर सुजल्यास पुढचं थांबवता येतं.

माळकरी_सातारा: हे कोंबड्याच्या तुऱ्यापासून करतात म्हणे? शाकाहारी माणसाने काय करावं?

मंदार_के: काही ब्रँड तुऱ्यापासून, काही जिवाणूंच्या किण्वनातून. खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अंडं, कोंबडी किंवा पिसांची ॲलर्जी असेल तर तुऱ्यावालं नकोच.

स्मिता_ठाणे: औषधाला कसला आलाय शाकाहार!

माळकरी_सातारा: ताई, गळ्यात माळ आहे. शाकाहारी पर्याय असताना तो मागण्यात गैर काय?

फिजिओ_मीनल: विषयावर येऊ. ४८ तास धावणं, उकिडवं बसणं, मांडी, जिन्याची चढ-उतार बंद. घरातल्या घरात चालणं चालेल. तेल लावून रगडणं मुळीच नको. गुडघ्यात आधीच पाणी असेल तर ते काढूनच जेल टोचायला सांगा, नाहीतर जेल पातळ होतं. सूज उतरली की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद दाबणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडीच्या स्नायूत ताकद नसेल तर इंजेक्शनचा उपयोग अर्धाच.

भाऊ_कोल्हापूर: दुखलं तर डायक्लोफेनॅक द्या, लगेच आराम.

मंदार_के: नको! क्लोपिडोग्रेलसोबत डायक्लोफेनॅक म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाचा धोका. पॅरासिटामॉल द्या. क्लोपिडोग्रेल मनाने बंद करू नका, हृदयासाठी असेल तर ते महागात पडेल. इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांना गोळी सांगा, टोचल्यावर जागा जरा जास्त वेळ दाबून धरायला लावा.

नाशिककर_७२: आमच्याकडे स्टेरॉइडचं घेतात. स्वस्तात काम, दोन दिवसांत फरक.

फिजिओ_मीनल: मधुमेहात त्याने काही दिवस साखर चढते, हे त्यांना आधी सांगा. हायल्युरॉनिकने साखर चढत नाही, पण फरकही उशिरा पडतो, सहसा काही आठवड्यांनी. तोवर ‘वाया गेलं’ म्हणून पुन्हा टोचून घेऊ नये.

मंदार_के: हे आता नीट वाचा. ताप, थंडी, दुखणं कमी न होता दर तासाला वाढणं: त्याच दिवशी हॉस्पिटल. जंतुसंसर्ग विरळ, पण मधुमेहात धोका जास्त. पाणी गढूळ दिसलं म्हणून पू आणि जंतूंशिवायची रिॲक्शन वेगळी ओळखता येत नाही, दोन्हींत गढूळ असू शकतं. पाणी काढून पेशी, स्फटिक आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची चाचणी) तपासायला हवं. त्याआधी घरी ॲन्टिबायोटिक सुरू केलं तर कल्चर चुकतं. आणि अपेक्षा बेताची ठेवा: २०२२ च्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या १६९ चाचण्यांच्या विश्लेषणात वेदनेतला फायदा फार छोटा निघाला, गंभीर दुष्परिणाम मात्र खोट्या इंजेक्शनपेक्षा जास्त. माझं मत, आधी मीनलताईंचे व्यायाम करून बघा.

स्मिता_ठाणे: एकच डोस घ्या, परत सांगते.

भाऊ_कोल्हापूर: वाटी बदलायचीच असेल तर इंजेक्शननंतर निदान तीन महिने थांबा, संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून म्हणतो, आधीच बदला.

आरोही_पुणे: सगळ्यांचे मनापासून आभार. आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, तीनदा खाली-वर करणं आईला जमणार नाही. एका डोसचंच घेतोय, पण किण्वनातून बनवलेलं. केमिस्टकडे बजेटमध्ये बसणारं मिळालं. पाणी आधी काढायचं डॉक्टरांशी बोलले, ते तयार आहेत. इंजेक्शन सोमवारी सकाळी ठेवलंय, म्हणजे ७२ तास उलटेपर्यंत ओपीडी उघडी असेल.

मंदार_के: सोमवार चांगला. त्या दिवशी थर्मामीटर घरात हवाच.